अठरा नंबरची खुशाली

पुण्याची लाइन त्या संध्याकाळी काही केल्या लागत नव्हती. एसटीडी बूथच्या काचेच्या कॅबिनमध्ये उभा असलेला तो उंच, चष्मेवाला माणूस पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता, आणि बाहेर टेबलाशी बसलेली पुष्पलता मीटरच्या विझलेल्या लाल आकड्यांकडे पाहत होती. सन दोन हजारचा डिसेंबर. बालाघाटच्या बसस्टँडवर धुकं उतरायला लागलं होतं, आणि लांजीच्या गाडीचा कंडक्टर घसा खरवडून ओरडत होता.

"ताई, अजून एकदा बघू का?" त्यानं दार उघडून विचारलं.

"बघा नं जी. सात वाजता समदेच लावतेत, म्हणून बिझी येते."

अजून दोनदा, तीनदा... आणि लाइन लागली. कॅबिनच्या दाराची कडी तुटलेली होती. दार नीट मिटायचं नाही. त्यामुळं नको म्हटलं तरी सगळं कानावर यायचं.

"ती जेवली का?... काहीच नाही? केळं दिलंत? सोलून द्या, सोलून दिलं की खाते ती... जुलाब? आणि ताप?... राजू, तिला एकटी ठेवू नका हं. काही करू नका, नुसतं समोर बसा."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की पुष्पलतानं पावती देताना मान वर केलीच नाही. परक्याचं दुःख असं टक लावून बघू नये.

पण मग तो रोजच येऊ लागला. सातच्या ठोक्याला. नाव चिन्मय, पुण्याचा, जनावरांचा डॉक्टर. तीन महिन्यांसाठी इकडं आलाय, एवढं शेजारच्या चहावाल्या दुलीचंदनं न विचारता सांगितलं. जनावरांचा डॉक्टर, आणि घरी लेक आजारी. बायको कुठं असेल? राजू कोण, भाऊ की मेहुणा? पुष्पलता रोज त्या फोनचं अर्धं बोलणं ऐकायची आणि उरलेलं अर्धं मनात जुळवायची. दिवसभरात शंभर माणसं तिच्या बूथवर बोलून जात, पण तिच्याशी बोलायला असं कुणी नव्हतंच.

तिला सवय होती म्हणा. नवरा भोजराज बोअरवेलच्या गाडीवर होता. वर्षातले आठ महिने आंध्रात. एकदा आला तो वाळूनच आला. नागपूरच्या डॉक्टरनं त्याचं रक्त तपासलं, मग तिचंही. दोन्ही कागदांवर एकच शब्द होता. भोजराज त्या पावसाळ्यात गेला. सासरच्यांनी तेराव्यानंतर तिची पेटी अंगणात आणून ठेवली, आणि कटंगीला माहेरी भावजयीनं तिचं अंथरूण कोठीच्या खोलीत हलवलं. भाचा मांडीवर येऊ पाहायचा तर त्याला हाक यायची. शेवटी तिनंच भावाला, खेमराजला, म्हटलं, "मले बालाघाटले धाड. मी राहीन माह्यी मी." विधवेच्या कोट्यातून हा बूथ त्यानंच मिळवून दिला. महिन्यातून एकदा यायचा, पायरीखाली उभा राहून विचारायचा, "बरी हायेस नं?" ती म्हणायची, "हौ." झालं. अडीच वर्षं कुणाचा हात तिच्या खांद्याला लागला नव्हता. अंगात मात्र अजून काही दुखत-खुपत नव्हतं. ती रोज सकाळी आरशात बघायची... आज नाही, एवढंच.

एका संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही.

"मुलगी आता बरी हाय का जी?"

"कोणती मुलगी?"

"तुमची. पुन्याले हाय ते. म्या मुद्दाम नाही ऐकत... त्या दाराची कडी तुटली हाय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग चष्म्यामागं हळूहळू हसू उमटलं. "ती माझी मुलगी नाही. माकडीण आहे."

"बाप्पा... आपल्या पोरीले असं कोनी म्हणते का?"

"अहो, खरंच माकडीण. लाल तोंडाची, शेपटीवाली."

पुष्पलता इतकी ओशाळली, की तिनं नसलेली धूळ पुसायला फडकं घेतलं. पंधरा दिवस जिच्यासाठी ती मनातल्या मनात देवाला हात जोडत होती, ती माकडीण. मग तिलाच हसू आलं. तो हसला, ती हसली, आणि दुलीचंदनं चहा गाळता गाळता मान वळवून बघितलं.

"नाव काय तिचं?"

"अठरा."

"हे का नाव हाय?"

"आमच्या प्रयोगशाळेत नाव ठेवायचं नाही असा नियम आहे. नंबर असतो." तो थांबला. "नाव ठेवलं की... मग जड जातं."

"आन् नंबर ठेवला त हलकं जाते?"

तो फोनचे पैसे मोजू लागला. ती पुढं म्हणाली, "बिमारी काय हाय तिले?"

"बिमारी आम्हीच दिलेली आहे." तो पायरीकडं बघत बोलला. "एड्सचं ऐकलंय ना? त्याचा विषाणू."

फडकं टेबलावर होतं तिथंच थांबलं. "ऐकलं हाय," ती म्हणाली. "भिंतीवर लिहून असते."

आता ही मागं सरकणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. लोक हसत हसतच मागं सरकतात. त्याची स्वतःची मावशीसुद्धा त्याला दारात हात धुवायला लावायची. पण ही बाई मागं सरकली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "मंग तिच्याजोळ बसते कोन?"

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच नीट बघितलं तिच्याकडे. उजवी भुवई जरा तुटलेली, केस घट्ट बांधलेले, आणि डोळे... त्या डोळ्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"मी बसायचो," तो म्हणाला. "आता तिथला मदतनीस, राजू, बसतो."

त्या दिवसानंतर त्यानं तिला ताई म्हणणं सोडलं. कधी सोडलं, ते त्याला कळलं नाही. तिला कळलं.

* * *

मग रोज फोन झाला, की तो पायरीवर बसायचा. दुलीचंद दोन कट चहा आणून द्यायचा. आणि पुष्पलता विचारायची. इतकं, की चिन्मय एकदा म्हणाला, "तुम्ही आमच्या साहेबांपेक्षा जास्त प्रश्न विचारता."

"बूथवर बसून दुसरं काय करू? सांगा नं, मानसाचा रोग माकडाले लागतोच कसा?"

"लागतच नाही. तीच तर अडचण. माणसाचा विषाणू माकडाच्या अंगात टिकत नाही, मरतो. मग औषध कुणावर बघायचं? लस कुणावर बघायची? म्हणून लोकांनी माकडाचा असाच एक विषाणू घेतला आणि त्यावर माणसाच्या विषाणूचं कातडं चढवलं. अर्धा त्याचा, अर्धा ह्याचा. तो टिकतो."

तिनं आपला चहा खाली ठेवला. "म्हंजे त्याहिले होत नव्हता... म्हणून होईल असा बनवला."

"हो."

"तुमाले झोप येते?"

"कधी येते. कधी नाही." तो चहाचा ग्लास हातात फिरवत राहिला. "तुम्हांला राग आला का?"

"राग नाही जी. पन कोनी तरी त्याहिले सांगाले पायजे होतं, का हे काहून करून राह्यले."

बालाघाटला तो आला होता तेही याच कामासाठी. इकडच्या जंगलातल्या माकडांच्या अंगात आधीचे कुठले आजार आहेत, ते त्याला रक्त घेऊन तपासायचं होतं. प्रयोगाला घ्यायचं माकड आधी निरोगी आहे ना, हे कळलं नाही, तर पुढचं सगळं वाया. बिरसाच्या जंगलात तो आठवडा राहून आला होता. आता लांजीला जायचं होतं.

"रविवारी चला," तो सहज म्हणाला. सहज म्हणायची तयारी त्यानं तीन दिवस केली असावी, कारण म्हणताना चहा सांडला.

"काय म्हणून?"

"वही धरायला माणूस हवा. तुमचं अक्षर चांगलं आहे, पावतीवर बघतो ना रोज."

"पावती मशीन छापते जी."

तो असा काही लाजला, की तिला 'हौ' म्हणावंच लागलं.

लांजीला सकाळी दहापर्यंत धुकं हटलं नव्हतं. किल्ल्यामागच्या झाडीत पिंजरा लावलेला, आत केळी. जंगल खात्याचा गार्ड चैतराम बिडी ओढत एका दगडावर बसला होता. पहिली माकडीण अडकली तेव्हा ती किंचाळत होती, दात दाखवत होती. चिन्मयनं लांबूनच गुंगीची सुई मारली, आणि पाच मिनिटांत ती पोत्यासारखी निवांत झाली. त्यानं दोन जोड हातमोजे घातले, मांडीतून रक्त घेतलं, वजन केलं. पुष्पलता वहीत लिहीत गेली. काम संपलं. चैतराम म्हणाला, "साब, छोड़ दो, अपने आप उठ जाएगी." पण चिन्मय हलला नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत तो तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिला. वीस मिनिटं... पंचवीस. धुक्यात दुसरी माकडं फांद्यांवरून बघत होती.

"हे बी नियमात हाय?" पुष्पलतानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण जाग येताना कुणीतरी असावं."

तिनं वहीत मान घातली. कागदावरचे आकडे तिला बराच वेळ दिसत नव्हते. परतीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसली. मध्ये वही होती, आणि वहीच्या दोन्ही कडांना दोघांची बोटं. वळणावर बस कलली तरी तिनं बोटं हलू दिली नाहीत. त्याला काय माहीत, कुणाच्या शेजारी बसलाय तो... आणि आज नाही सांगितलं तर बिघडलं कुठं? एक रविवार. एवढा एकच.

* * *

जानेवारीच्या शेवटी मावठा आला. दिवसभर बारीक, गार, कंटाळवाणा पाऊस. बसस्टँडचा चिखल झाला. सातला चिन्मय आला तो डोक्यावर पिशवी धरून. लाइन लगेच लागली. तो "हं" म्हणाला. रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, आणि मग, "राजू, शेवटी तू होतास ना जवळ?" एवढंच.

बाहेर येऊन तो पायरीवर नाही, तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"गेली?" तिनं विचारलं.

"झोपवली. फार हाल होत होते. आज दुपारी."

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत राहिले. पुष्पलता म्हणाली, "औषध होतं नं तुमच्याजोळ? तुमीच म्हणत होते, नवीन गोळ्या बघून राह्यलो म्हणून. तिले देल्या असत्या..."

"तिला द्यायच्याच नव्हत्या." त्यानं चष्मा काढला. "काहींना औषध देतात, काहींना नाही. दोघांत फरक काय पडतो ते बघायचं असतं. ती औषध न दिलेल्या गटातली होती. तिचं काम फक्त... आजारी पडणं होतं."

पुष्पलतानं कॅबिनकडे बघितलं. आत कुणी नव्हतं. बाहेर कुणी नव्हतं. तिला वाटलं, आता नाही बोलले तर हे कधीच बोलता यायचं नाही.

"मी बी त्याच गटातली हाये," ती म्हणाली.

त्याला कळलंच नाही. मग कळलं. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून ते कळताना बघितलं, पायरी पायरीनं. "नवऱ्यापासून," ती सांगत गेली, अगदी सरळ आवाजात. "अडीच वर्सं झाली. आजून काही होत नाही मले. भावाले ठाव हाय. आता तुमाले."

तो उभा राहिला. पिशवी तिथंच विसरून पावसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुलीचंद दोन चहा घेऊन आला आणि एक परत नेला. पुष्पलतानं स्वतःला समजावलं, की हे असंच व्हायचं असतं. निदान त्यानं अंगणात पेटी आणून ठेवली नाही. लोक येत होते, बोलत होते, कुणाला जबलपूरला मुलगा झाला, कुणाचं गोंदियात लग्न जमलं. ती पावत्या फाडत होती. रात्री खोलीवर जाऊन भात शिजवला आणि पातेल्यात तसाच झाकून ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारीच तो आला. दाढी वाढलेली.

"मी घाबरलो होतो," त्यानं आल्या आल्या सांगितलं, जणू वाटभर तेच घोकत आला होता. "रोज त्या माकडांना हात लावतो, तर मला वाटायचं मी धीट आहे. तसं काही नाही. तीन दिवस खोलीत पडून होतो."

"मले हात लावाले घाबरले?"

"छे." तो खरंच दुखावला. "त्यानं काही होत नाही, माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी... पुढचं बघायला घाबरलो. मी असे अकरा शेवट बघितलेत. तुमच्याकडे बघितलं, की मला बारावा..."

"मले नंबर नोका देऊ जी," पुष्पलता म्हणाली.

आवाज चढला नव्हता. रस्त्यावरून धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला, काच थरथरली.

"पुष्पलता," तो म्हणाला. नुसतं नाव. मागंपुढं काही न जोडता. आणि टेबलावर ठेवलेल्या तिच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला. उघडा, गार, जरासा घामेजलेला हात. तिला वाटलं हात काढून घ्यावा. वाटलं, आणि तिनं काढला नाही.

मग तो म्हणाला, की नागपुरात त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. रक्तात लढणाऱ्या पेशी किती उरल्यात ते मोजता येतं. गोळ्या आता आपल्या देशातही बनायला लागल्यात. महाग आहेत, पण सगळ्यांना लगेच लागतातच असं नाही.

"त्या गोळ्या बी आधी माकडाले देल्या असतीन?"

"काही दिल्यात."

"मंग त्याहिचे उपकार हायेत माह्यावर," ती म्हणाली.

* * *

फेब्रुवारीत त्याचं काम संपलं. जायच्या दिवशी दोघं सकाळच्या बसनं नागपूरला निघाली. पायांशी बर्फाची पेटी, त्यात लांजी-बिरसाच्या माकडांचं रक्त. कटंगीच्या थांब्यावर खेमराज बघेल या भीतीनंही ती खिडकीतून मागं सरली नाही. तो दिसला नाही. पण सरली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

दवाखान्यात नर्सनं तिच्या दंडाला रबर बांधलं. "साहेब, तुम्ही बाहेर थांबा."

"मी डॉक्टर आहे," चिन्मय ऐटीत म्हणाला. "शेकडो वेळा रक्त काढलंय मी."

सुई आत गेली. नळीत लाल रेघ चढू लागली. आणि चिन्मय पांढरा पडला, भिंतीला टेकला, आणि टेकल्या टेकल्या हळूच खाली बसला. नर्स पाणी आणायला धावली. पुष्पलता हात दुमडून खुर्चीवर बसलेली, आणि तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. सासरी गेल्यापासून इतकं ती हसली नव्हती.

"माकडाच्या रक्तानं होत नाही असं," तो खालूनच पुटपुटला.

"माकडीन थोडी हाव मी."

मोजणीचा कागद पुढं दहा दिवसांनी टपालानं आला. आकडा बरा होता. गोळ्या लगेच लागणार नव्हत्या. पण त्या दुपारी हे दोघांनाही माहीत नव्हतं. बसस्टँडवर, तुमसरवरून बालाघाटला जाणाऱ्या गाडीपाशी, उन्हात उभं राहून तो म्हणाला, "पुण्याला चला."

"काय म्हणून?"

"माझी म्हणून." आणि मग घाईनं, "लग्न करू. मी घरी सांगतो. मी तुम्हांला सांभाळीन, काही होऊ देणार नाही..."

तिला किती वाटलं हौ म्हणावं. सगळं अंग हौ म्हणत होतं. पण त्याच्या डोळ्यांत अजून ती मावठ्याची संध्याकाळ होती, आणि ती तिनं ओळखली.

"तुमी मले आवडता," ती म्हणाली. "लपवून का करू? लय आवडता. पन मले सांभाळाले नोका येऊ जी. मी माह्यी मी राह्यते, बूथ हाय माह्या. भेटाले या."

"किती दिवसांनी?"

"करमत नाही तेव्हा."

"मग मी आत्ताच बालाघाटच्या बसमध्ये बसतो."

"आन् त्या पेटीतला बर्फ?"

तो हसला. कंडक्टरनं घंटी मारली. चिन्मयनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांदेखत, क्षणभर. मग पेटी उचलली आणि मागं न बघता स्टेशनकडं चालू लागला. मागं न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय, ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

बस निघाली. भंडारा मागं पडलं. पुष्पलता खिडकीशी बसून होती. शेजारची जागा रिकामी. कापलेल्या धानाच्या बांध्यांवर ऊन उतरत चाललं होतं. तुमसरला एक म्हातारी टोपली घेऊन चढली, तिच्या शेजारी टेकली, आणि इकडची माणसं विचारतात तसं तिनं गाडी हलायच्या आत विचारून टाकलं, "एकटीच हायेस का वं माय?"

"हौ," पुष्पलता म्हणाली. जिभेवर बसलेलंच होतं ते उत्तर. मग तिनं तोंड वळवून म्हातारीकडं बघितलं.

"आजच्या रोज," ती म्हणाली.